चिमटी वजा

मंगळवार, ९

जुनी वही पोलिसांकडे आहे, म्हणून ही नवी. चिमटीच्या कपड्यांच्या खणात, अगदी तळाशी ठेवणार आहे. तो खण त्यांनी रविवारी उपसून पाहिला, आणि एकदा उपसलेलं ते पुन्हा उपसत नाहीत, एवढं मला कळलं आहे.

आधी घडलेलं नीट लिहिते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी मी औषधाच्या दुकानात शिरले. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण दारातच ताईचा फोन ठेवला. ताई म्हणजे माझी नणंद. आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. दुकानाच्या दारात नाणं टाकून वजन करायचं यंत्र आहे, फिरत्या दिव्यांचं. चिमटीला ते फार आवडतं. नाणं न टाकताच त्यावर उभी राहते आणि "शंभर!" म्हणून ओरडते. माझी मुलगी चार वर्षांची आहे. मी म्हटलं, इथून हलायचं नाही हं.

माझ्या पुढे दोन पुरुष आणि एक म्हातारी होती. म्हातारी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, गोळी जेवणाआधी की नंतर. तिसऱ्यांदा सांगताना दुकानदार वैतागला. मग माझी पाळी आली. चिमटीच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख पुसट होती म्हणून मी दुसरी मागितली. तिचीही पुसट, म्हणून तिसरी. बाहेर आले तर यंत्रावर कोणी नव्हतं. दिवे फिरत होते.

पोलिसांना मी "पाच मिनिटं" सांगितलं. रात्री बिल पाहिलं तर त्यावर पाच तेवीस. लगेच फोन करून सांगितलं, माझं चुकलं, अकरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी चौकशी करणाऱ्या पोलीस मॅडम म्हणाल्या, "बाई, तुमची मिनिटं वाढत का चालली आहेत?"

आता वहीचं. बाबा खाणीच्या वजनकाट्यावर कामाला होते. शाळा दूर होती, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. भरलेला ट्रक आधी काट्यावर, मग रिकामा. रिकाम्याचं वजन वजा करायचं, उरतो तो दगड. माझी वजाबाकी अशी पक्की झाली. संध्याकाळी काटा शून्यावर आणायचा, आणि आपणही यायचं. दिवसभरात काय चुकलं, मनात वाईट काय आलं, ते लिहायचं. बाबा त्याला 'आजचं वजा' म्हणायचे. मी सव्वीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासते, एक मुलगी आहे, आणि अजून रोज लिहिते.

तीन आठवड्यांपूर्वी मी लिहिलं होतं: 'चिमटी वजा करून पाहिली. हलकं वाटलं.'

त्या दुपारी चिमटी ताईकडे होती. मी दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी तासभर चहा पीत बसले आणि मनात आलं, ही नसती तर माझी मी किती उरले असते. खरंच हलकं वाटलं. मग इतकी शरम वाटली की कप विसळताना हातातून सुटला. शरम वहीत लिहिली नाही. शरम ही चूक नाही, ती लिहायची नसते.

मॅडमनी ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वजा करून पाहिली. म्हणजे काय केलंत?"

मी त्यांना ट्रकचं सांगायला लागले. त्यांनी शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

वही कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे होती. ती तिथे असते हे माझ्याशिवाय तिघांनाच ठाऊक. नवरा तेव्हा माझ्याबरोबर चौकीत होता. घरी पोलिसांना दार उघडून कपाटं दाखवायला ताई होती. बाबाही होते, पण ते बातमी ऐकून सकाळीच आलेले, आल्यापासून खुर्चीतून उठलेले नाहीत.

म्हणजे ताई.

तिला मूल नाही. चिमटी झाल्यापासून हसत हसत म्हणत आली आहे, "मला देऊन टाक हिला, तू बस भिंगं पुसत." मी पण हसत आले. आता पुरे. चिमटी सापडल्यावर, नाहीतर त्याच्या आधीच, पण याचं उट्टं मी काढणार. हेही लिहून ठेवते.

बुधवार, १०

आज पुन्हा मला आणि नवऱ्याला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. माझ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मॅडम तेच प्रश्न आधी सरळ विचारतात, मग उलटे. शुक्रवारी रात्री चिमटी काय जेवली? शनिवारी काय घातलं होतं? मोजे कोणते? झोपेत ओलं करते का? केलं तर तुम्ही काय करता? शेवटचा हात कधी उचललात? मी सांगितलं, जानेवारीत, एक चापट, डाव्या हातावर, दुधाचा ग्लास पाडला म्हणून. त्यांनी विचारलं, "इतकं लक्षात आहे?" आता लक्षात नसतं तर काय म्हणाल्या असत्या?

घरून त्यांनी चादरी नेल्या. न्हाणीघरातली जाळी उचकटली. फ्रिजचा वरचा कप्पा उघडला तेव्हा मला कळलंच नाही ते काय बघत आहेत. कळलं तेव्हा मी तिथेच खाली बसले. हवालदार म्हणाला, "बाई, हे सगळ्यांच्याच घरी बघतात." तो वाईट नाही. त्याला मी मनातल्या मनात 'घड्याळ' म्हणते, कारण तो घर ते दुकान हे अंतर तीनदा चालला, एकदा चार वर्षांच्या पोरासारखी पावलं टाकत. वीस मिनिटं. गल्लीतले लोक गॅलरीतून बघत होते.

परतताना नवऱ्याला विचारलं, "तुला काय विचारलं?"

"तुझी बायको चिडखोर आहे का."

"मग?"

"म्हटलं, जरा."

"जरा?"

"अगं खोटं कसं बोलू? तूच चिडतेस ना, मी खोटं बोललो की!"

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे, दोरावर अख्खं वजन टाकून बिनधास्त उभा राहतो. पण 'नाही' एवढा एक शब्द बायकोसाठी त्याच्या तोंडून निघाला नाही.

संध्याकाळी पत्रकावरून ताईशी भांडण. पोलिसांनी छापलेल्या पत्रकावर चिमटीचं कागदावरचं नाव आहे, मी दिलेलं. फोटोही मीच दिला, ओळखपत्रासाठी काढलेला, केस चापून बसवलेले, तोंड मिटलेलं.

ताई म्हणाली, "अगं त्या नावानं तिला आयुष्यात कुणी हाक मारली आहे का? तिला विचारलं तर ती 'चिमटी' सांगणार. ते घाल आधी."

मी म्हटलं, "सरकारी कागद आहे. त्यावर नोंदलेलंच नाव हवं." बाबांनी मान डोलावली. काट्याच्या पावतीवर ते ट्रकचा नंबरच लिहायचे, ड्रायव्हर त्याला लाडानं काय म्हणतो ते नाही.

"मग मी लिहिते," ताई म्हणाली. "हातानं. चिठ्ठ्या वाटते."

चिमटी हे नाव तिनंच ठेवलेलं. जन्मली तेव्हा बघून म्हणाली होती, "अगं ही तर चिमटीभर!" आणि तेच चिकटलं. माझ्या मुलीचं नाव माझ्याआधी हिच्या तोंडून निघालं. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

बाबांना म्हटलं, मला पोलिसांची भीती वाटते. ते म्हणाले, "खऱ्याला कसली भीती? सगळं काट्यावर मांडलं की काटा बोलतो." किती शांत बसले आहेत! त्यांच्याकडे बघितलं की धीर येतो.

शुक्रवार, १२

काल काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. आज घडलं. मी घडवलं.

मॅडमची एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. आपण धडधडीत सांगतो त्याकडे त्या ढुंकून बघत नाहीत. आपण अडखळलो की पेन उचलतात. म्हणून आज मी स्वतःहून गेले आणि दारातच अडखळले.

"एक सांगायचं होतं... पण सांगावं की नाही, कळत नाही. घरचंच माणूस आहे."

त्यांनी पेन उचललं. चहासुद्धा मागवला.

मी सांगितलं की माझी नणंद चिमटीला सारखी मागते. तिला मूल नाही, नवऱ्यानं सोडलं ते याच कारणावरून. मुलीचं नाव तिनं ठेवलं आणि आम्ही ठेवलेलं नाव ती घेतच नाही, पत्रकावरही नको म्हणाली. तिच्या कपाटात चिमटीच्या मापाचे नवे लाल बूट आहेत. ती पाळणाघरात कामाला आहे, त्यामुळे कुठलंही मूल तिच्यामागे मुकाट जातं. आणि शनिवारी पाच वाजून बारा मिनिटांनी मी तिच्याशीच फोनवर बोलत होते. आम्ही औषधाच्या दुकानाच्या दारात आहोत, हे जगात फक्त तिलाच ठाऊक होतं.

एक शब्द खोटा नाही. बाबांनी मला लहानपणी दाखवलं होतं, लबाड ड्रायव्हर ओळखता यावेत म्हणून: ट्रकचं एक चाक काट्याच्या बाहेर ठेवलं की वजन भलतंच दिसतं. ट्रक तोच, काटा तोच, मोजणारा प्रामाणिक.

माझं बाहेर ठेवलेलं चाक हे. 'मला देऊन टाक' हे ती हसत म्हणायची. बूट वाढदिवसाचे आहेत आणि मी तिच्याबरोबर जाऊन घेतले. आणि फोनवर तिच्या मागे आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची घरघर ऐकू येत होती. ती घरी होती, दुकानापासून वीस मिनिटांवर. ती घरघर मी ओळखते, रोज आमच्या भांड्यांच्या फळीवर वाट्या थरथरतात.

मॅडम म्हणाल्या, "आधी का नाही बोललात?"

मी म्हटलं, "भीती वाटत होती." हेही खरं आहे.

शनिवार, १३

सकाळी नऊला पोलीस ताईला घेऊन गेले. ती बाहेर पडायच्याच तयारीत होती, खांद्याला पिशवी. पिशवीत दोनशे चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या तिच्या अक्षरात: 'चिमटी. कुणी हे नाव सांगितलं तर लगेच कळवा.' पिशवी जप्त केली. लाल बूटही नेले, पारदर्शक पिशवीत घालून. पाळणाघराच्या बाईंना जिन्यातच बोलावून विचारत होते, आणि त्या 'तरी मला वाटलंच होतं' अशा चेहऱ्यानं उभ्या होत्या.

ताई मला म्हणाली, "अगं, तू सांग ना यांना!"

मी म्हटलं, "ते विचारतात त्याची उत्तरं द्या, ताई. खऱ्याला कसली भीती?"

तिच्या न्हाणीघराची जाळी उचकटल्याचा आवाज आमच्या जमिनीतून वर आला. मी भांडी घासत होते. एकेक भांडं दोनदा घासलं. गोड वाटलं. लपवणार नाही, फार गोड वाटलं. आता तिला कळेल, आपली चादर दुसऱ्यांनी झटकून बघितली की कसं होतं.

नवरा चौकीतून आला तो लालबुंद. "माझ्या बहिणीला मूल चोरणारी म्हणतात! कुणी घातलं यांच्या डोक्यात?"

मी म्हटलं, "त्यांची पद्धत आहे. सगळ्यांनाच विचारतात."

माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं त्यानं. मग खाली जाऊन ताईच्या घरात काहीतरी शोधत बसला.

आजचं वजा: काही नाही.

सोमवार, १५

सापडली. सापडली. चिमटी सापडली. जिवंत आहे. मला नीट लिहिता येत नाही, उद्या लिहिते.

मंगळवार, १६

ती म्हातारी होती. माझ्या पुढे उभी असलेली, तेच तेच विचारणारी.

दोन बसथांबे पलीकडे एकटी राहते. दुकानातून निघताना यंत्रावर मूल दिसलं, तिला वाटलं आपलीच नात. हात धरून घरी घेऊन गेली. नऊ दिवस वेणी घातली, दूध-पाव भरवला, गोष्टी सांगितल्या, रोज तीच गोष्ट. चिमटीनं घर मागितलं की म्हणायची, "हेच की गं घर." दाराला आतून कडी, चिमटीचा हात पोचत नव्हता. माझा राग सगळीकडे फिरून आला, पण त्या बाईवर ठरत नाही. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दुकानात कोण कोण होतं. मी म्हटलं होतं, "दोन पुरुष आणि एक म्हातारी, तिचा काही संबंध नाही."

सापडली ती दूध टाकणाऱ्या बाईमुळे. रविवारी नवऱ्यानं ताईच्या शिवणाच्या खणातून उरलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि दुकानांत, बसथांब्यांवर, दूध केंद्रावर वाटल्या. सोमवारी पहाटे त्या बाईनं केंद्रावरची चिठ्ठी वाचली आणि कॅन तिथेच टाकून चौकीत गेली. मला म्हणाली, "त्या आजींच्या बिल्डिंगखालच्या खांबावर पत्रक होतं की, रोज बघत होते. पण नाव वेगळंच, आणि फोटोतली पोर कशी शहाण्यासारखी! मी हिला पहिल्याच दिवशी विचारलेलं, नाव काय गं तुझं? तर म्हणते, चिमटी, आणि वजन शंभर. मग मी म्हटलं, असेल नात."

ताईची पिशवी जप्त झाली नसती तर ती चिठ्ठी शनिवारीच केंद्रावर लागली असती. दोन दिवस. डॉक्टर म्हणतात, खोकला छातीत उतरला आहे, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. "आधी का नाही आणलंत" असं त्यांनी विचारलं, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

ताईला दुपारी सोडलं. मी तिच्यासमोर गेले नाही. चिमटीनं घरात येऊन पहिलं विचारलं, "आत्या कुठे?"

संध्याकाळी बाबांना म्हटलं, "बघा, देवाघरचा न्याय! जिनं माझी वही दिली तिलाच—"

बाबा म्हणाले, "कुणी दिली?"

"ताईनं."

"नाही गं. वही मी दिली."

मी मॅडमसारखं विचारलं. आधी सरळ, मग उलटं, मग मधूनच. त्यांचं उत्तर तिन्ही वेळा तेच आलं.

"त्यांनी विचारलं, तुमची मुलगी कशी आहे? मी म्हटलं, कशाला विचारता, लिहिलेलंच आहे. उठलो आणि काढून दिली. तुझ्याइतकं खरं कुणी लिहीत नाही. ते त्यांना दिसावं, म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

दोन्ही हात गुडघ्यांवर. चेहऱ्यावर काही नाही. काटा शून्यावर.

बुधवार, १७

सकाळी बाबांनी चिमटीला एक छोटी कोरी वही दिली. तिच्या हातात पेन्सिल धरून सांगत होते, "काल तू आईला न सांगता कुणाचा तरी हात धरून गेलीस की नाही? ते इथे मांडायचं. मग हलकं वाटतं."

'काल' म्हणे. चिमटीनं एक गोल काढला होता.

"शून्य," बाबा कौतुकानं म्हणाले.

"शून्य नाही काही, चष्मा आहे. एक बाजू राहिली."

मी वही तिच्या हातातून घेतली. बाबांना म्हटलं, "हिला नाही."

"अगं, तुला शिकवलंच ना? तुझं काय वाईट झालं?"

त्यांचे कपडे मी स्वतः घडी करून बॅगेत भरले. एकेक सदरा नीट, बाह्या आत. दुपारच्या गाडीत बसवून आले. गाडी हलेपर्यंत ते माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होते. मी त्यांना काहीच दिलं नाही. जितकी वर्षं त्यांनी माझ्याकडून रोज लिहून घेतलं, तितकी वर्षं त्यांना आता माझं गप्प बसणं ऐकायचं आहे. हा सूड मला पटतो. याची मला शरमही वाटत नाही, आणि वाटली तर यावेळी लिहीन.

परतले तर ताई आमच्याकडे. चिमटी तिच्या मांडीवर, लाल बूट घालून. पोलिसांनी ते परत केले, तळव्याला अजून नंबराची चिठ्ठी चिकटलेली. पाळणाघरानं ताईला येऊ नको म्हणून कळवलं आहे. बारा वर्षं काम केलं तिनं तिथे.

मला बघून उठली, आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मी हात कुठे ठेवायचे ते न सुचून तसेच ठेवले.

"फार वाईट वागवलं गं त्यांनी मला. पण त्यांना काय म्हणू, त्यांचं कामच आहे ते. कुणीतरी माझं नाव घेतलं. जवळच्यानंच. 'देऊन टाक' म्हणायची, हेसुद्धा ठाऊक होतं त्यांना."

मी विचारलं, "कोण असेल?"

"पाळणाघरातलीच कुणीतरी. कळू दे फक्त." तिनं पदराऐवजी चिमटीच्या रुमालानंच डोळे पुसले. "देवाशपथ सांगते, कळलं ना, तर मी त्या माणसाला जन्मात सोडणार नाही. त्याच्या दारात जाऊन बसेन. तूसुद्धा सोडू नकोस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

ती खाली गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. पाच ठिकाणी अक्षर सुधारलं. मजकूर कुठेच बदललेला नाही. शुक्रवारच्या पानात चिमटीची केसांची पिन लावून ठेवली आहे, म्हणजे ताईला शोधावं लागणार नाही. पंपाचं वाक्य त्याच पानावर आहे.

जुनी वही दुसऱ्यानं दिली. ही मी स्वतः देणार. तिनं माझं काय करावं हे मी सुचवणार नाही. आणि शपथ घेतली आहे, म्हणजे तिनं सोडलं तरी मला स्वतःला सोडता येणार नाही.

चिमटी झोपली आहे, खोकते आहे. फळीवर वाट्या थरथरू लागल्या. पंप सुरू झाला. ताई घरीच आहे.

निघते.